बंद दाराआडचा हिशेब

‘अजून ग्रँट आलेली नाही.’ शिष्यवृत्तीसाठी कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे वाक्य पाठ झालेले असते. खिडकीमागचा कारकून खोटेच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा ग्रँट खरोखरच आलेली नसते. पण ती निघाली कोठून, अडली कोठे, आणि अडविली कोणी, हे प्रश्न त्या खिडकीशी सुटत नाहीत. ते विचारण्याचा अधिकार विधिमंडळाच्या आणि संसदेच्या समित्यांना आहे. या समित्यांविषयी आपल्या चळवळीत फार थोडे बोलले जाते. आपला मोर्चा कचेरीवर जातो. समितीच्या अहवालापर्यंत तो पोहोचत नाही.

वास्तविक ही वाट बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात ते अर्थसंकल्पावर बोलले. पुढे १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदाची चर्चा चालू असता, हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे त्यांनी सांगितले. सभागृहाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला, त्याच कामावर आणि तेवढाच तो खर्च झाला की नाही, हे पाहणारा हा पहारेकरी आहे. ज्या समाजाच्या वाट्याला आजवर आश्वासनेच अधिक आली, त्याला या पहाऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

हा पहारा चालतो कसा? अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्याचे वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे येते. त्यातून विधानसभा खात्यांच्या मागण्या मंजूर करते. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेवाचूनच एकदम मताला टाकल्या जातात. म्हणून बारकाईचे काम समित्यांवर येते. अंदाज समिती खर्चाच्या अंदाजांत काटकसर आणि कार्यक्षमता पाहते. पैसा खर्च झाल्यावर महालेखापरीक्षकाचा अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे सभागृहापुढे येतो. लोकलेखा समिती तो हाती घेऊन खात्याच्या सचिवांना समोर बसवून जाब विचारते. केंद्रात ही समिती १९२१ पासून आहे, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. १९९३ पासून संसदेच्या खातेनिहाय समित्या मागण्या मंजूर होण्यापूर्वीच त्यांची छाननी करतात. अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणासाठीही संसदेत १९६८ पासून वेगळी समिती आहे.

यंत्रणा अशी भरभक्कम आहे. मग पैसा जातो कोठे? विशेष घटक योजनेचेच पाहा. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनांचा पैसा बाजूला काढावा, या धोरणाला १९७९-८० साली सुरुवात झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे हे प्रमाण देशात १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. या पैशासाठी सरकारी लेख्यांत ७८९ क्रमांकाचे वेगळे गौण शीर्ष आहे. परंतु शीर्षाखाली आकडा लिहिणे निराळे आणि तो पैसा वस्तीत पोहोचणे निराळे. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी याच योजनेचा निधी वळविला गेल्याचे माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेल्या कागदांतून बाहेर आले, आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना ते राज्यसभेत मान्य करावे लागले. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे गेला म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. योजनेच्या लाभार्थींत अनुसूचित जातींच्या स्त्रियाही आहेत, असे सरकारच्या बाजूचे समर्थन होते. ते कितपत खरे, हे आकडे पुढे ठेवूनच ठरावयाचे. आणि आकडे समोर मांडावयाची जागा म्हणजे समिती.

येथेच खरी अडचण आहे. समित्यांच्या बैठका नियमानेच खाजगी असतात. अधिकाऱ्याने दिलेली साक्ष, सादर केलेले कागद, अहवाल सभागृहापुढे ठेवला जाईपर्यंत गोपनीय राहतात. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यातही विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेली आहे. अहवाल येतो तेव्हा पुष्कळदा वर्षे लोटलेली असतात. शिष्यवृत्तीवाचून कॉलेज सोडलेला मुलगा तोवर कोठेतरी मजुरीला लागलेला असतो. शिवाय समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकार उत्तर देते, त्या उत्तरावर पुन्हा अहवाल निघतो, आणि तोही कपाटात जातो.

बंद दाराचे समर्थन करणारे म्हणतात की, आत सभासद पक्षाचा झेंडा बाजूला ठेवून बोलतात आणि अधिकारीही मोकळेपणाने उत्तरे देतात. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सभासदांची आपसांतील चर्चा खाजगी राहिली तरी चालेल. पण वसतिगृहाचा पैसा का परत गेला, याची सचिवाने दिलेली साक्ष त्या वसतिगृहातील मुलांपासून लपविण्याचे कारण काय? संरक्षणाची गुपिते आणि शिष्यवृत्तीचा हिशेब यांना एकच कुलूप कशासाठी? वर्णभेदातून बाहेर पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या संविधानात आपल्या समित्यांच्या बैठका लोकांसमक्ष व्हाव्यात, असे तत्त्व लिहून ठेवले; दार बंद करावयाचे तर त्याला सबळ कारण लागते. आपल्याकडे नियम याच्या उलट आहे. ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर उभे केले, त्यांच्याच पैशाची चर्चा त्यांना दाराबाहेर ठेवून व्हावी, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. कल्याणखर्चावरील साक्षी खुल्या व्हाव्यात. शिफारशींवर काय केले, हे मुदतीत आणि मराठीत प्रसिद्ध व्हावे. निधी वळवावयाचा तर त्यापूर्वी समितीपुढे कारण नोंदवावे लागावे.

परंतु दार उघडेपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अर्थसंकल्पाची पुस्तके आणि सभागृहापुढे ठेवलेले अहवाल आजही खुले आहेत. प्रत्येक अभ्यासमंडळाने एका खात्याचे ७८९ शीर्ष घ्यावे. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे वर्षावर्षाने शेजारी शेजारी मांडावेत. मोठी तफावत दिसली की आपल्या आमदाराला लेखी विचारावे आणि त्याचे उत्तर वस्तीत वाचून दाखवावे. राजस्थानातील खेड्यांत १९९४ पासून झालेल्या जनसुनावण्यांत लोकांनी हेच केले. कामाची हजेरीपत्रके चारचौघांत वाचली गेली, आणि त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोहोचली.

‘अजून ग्रँट आलेली नाही’ असे उद्या कोणी म्हणाले, तर आपल्या मुलाच्या हातात अर्जाबरोबर हे तीन आकडेही असले पाहिजेत. मग तो दान मागायला खिडकीशी उभा आहे असे कोणाला वाटणार नाही. तो हिशेब मागायला आलेला असेल.