जुन्या मुठीला नवा झुबका

दाढीच्या ब्रशचे दोन भाग असतात आणि त्यांचं आयुष्य सारखं नसतं. मूठ तीन पिढ्या टिकते. केस मात्र काही वर्षांत झडायला लागतात, बुडाशी साबण धरतात आणि एके दिवशी गालावर फेसापेक्षा केसच जास्त उरतात. मग तो ब्रश खिडकीतून फळीवर जातो आणि फळीवरून पत्र्याच्या पेटीत. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांमध्ये अशी एखादी पेटी असतेच. तिच्यात शिसवी लाकडाची, शिंगाची, हाडाची नाही तर बॅकेलाइटची एखादी मूठ सापडते. कवितेखेरीज मला असल्या डागडुजीची खोड आहे, हे जांब समर्थमध्ये कळल्यापासून तरुण मुलं आजोबांचा ब्रश घेऊन येतात आणि विचारतात, यात नवे केस बसतील का? बसतात. अवघड प्रश्न पुढचा आहे. कोणते बसवायचे?

केसांच्या या जुडीला इंग्रजीत ‘नॉट’ म्हणतात, म्हणजे गाठ. मी आपला झुबका म्हणतो. केसांची मुळं दोऱ्याने आवळून डिंकात किंवा राळेत पक्की करतात आणि ते बूड मुठीच्या खोबणीत चिकटवतात. वर राहतात ती केसांची नैसर्गिक, निमुळती टोकं. झुबका लांब वाटला तर वरून कात्री लावू, असं पुष्कळांना वाटतं. तसं कधीही करू नये. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं आणि गालाला काट्यासारखं टोचतं. लांबी कमी करायची ती झुबका खोबणीत खोल बसवूनच.

काहींना जुनेच केस हवे असतात. वडिलांच्या, आजोबांच्या हाताची आठवण म्हणून. भावना मला समजते, पण इथे जरा सबुरी हवी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रशसाठी लागणाऱ्या बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला. मग कारखानदारांनी आशियातून आलेले घोड्याचे केस, नीट निर्जंतुक न करताच, ब्रशमध्ये भरले. त्या केसांत अँथ्रॅक्सचे जंतू होते. अँथ्रॅक्स म्हणजे आपले शेतकरी जिला काळपुळी म्हणतात तोच जनावरांचा रोग. १९१५ ते १९२४ या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशमुळे दोनशेहून अधिक माणसांना तो झाला, आणि त्यांत शिपाईही होते. १९२० साली ब्रिटनने जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. या जंतूंची बीजं दशकानुदशकं सुप्त राहू शकतात. आज धोका फार थोडा आहे हे खरं, पण पेटीतल्या ब्रशवर साल लिहिलेलं नसतं आणि घरी उकळून तो शुद्ध झाला असं धरून चालता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आठवण मुठीत ठेवावी, जुने केस काढून टाकावेत.

आता नवे केस. माझे वडील ब्रश घ्यायला गेले की किंमत नंतर विचारत. पहिला प्रश्न असे, “बालां कायके हैं?” दुकानदार म्हणे, “नायलॉनचे आहेत, चाचा.” वडील सुटलेला एखादा केस चिमटीत धरून त्याला काडी लावत. जळक्या केसाचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली, तर केस जनावराचा. वितळून टोकाला कडक मणी झाला, तर नायलॉन. ही परीक्षा आजही बिनचूक आहे आणि झुबका घेण्याआधी प्रत्येकाने करावी अशी आहे, कारण वेष्टनावर केस कशाचे हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

वडिलांची शंका उगाच नव्हती. स्वस्त ब्रशमध्ये सर्रास डुकराचे केस असतात. हे केस जाड, राठ आणि स्वभावाने काटक. वापरता वापरता त्यांची टोकं फाटतात, एकाचे दोन-तीन पदर होतात आणि मग ब्रश मऊ पडतो. कडक साबणाच्या वडीवरून फेस उचलायला त्यांच्यासारखं काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कधी कधी त्यांवर मध्ये काळा पट्टा रंगवून ते बॅजरचे म्हणून खपवतात. बॅजरचा केस मुळाशी फिकट, मध्ये गडद आणि टोकाला पुन्हा फिकट असतो, त्याची ही नक्कल.

मुसलमान घरात डुकराचा केस तोंडाला लावायचा म्हणजे मोठीच अडचण. दाढी ठेवावी की काढावी हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. पण जुन्या धर्मशास्त्र्यांनी या केसांचाही विचार केलेला आहे. ‘हिदाया’ हा हनफी पंथाचा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात हा केस अपवित्रच मानला आहे, पण चामडं शिवणाऱ्यांना तो वापरायची सवलत दिली आहे, कारण त्यावाचून त्यांचं काम अडत होतं. मालिकी पंथाचे विद्वान तर केसाला अपवित्र धरतच नाहीत. मी हनफी घरातला. जोडा अडत असेल, दाढी काही डुकराच्या केसावाचून अडत नाही, एवढाच माझा हिशेब.

बॅजरचे केस सर्वांत महाग. ते पाणी भरपूर धरतात आणि गालावर मखमलीसारखे फिरतात. ते बहुतांशी चीनमधून येतात आणि त्यासाठी प्राणी मारला जातो. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश आपल्याकडे कायद्याने बंद आहेत, कारण मुंगूस आपल्या बांधावरचा, ओळखीचा. बॅजर आपण पाहिलेलाच नसतो, म्हणून त्याची आठवण होत नाही. माझ्या एका माळकरी मित्राने मात्र हे ऐकलं आणि हात आखडता घेतला. त्याने घोड्याचे केस निवडले. ते आयाळीचे आणि शेपटीचे, कापताना घोडा मरत नाही. राठपणात ते डुकराच्या आणि बॅजरच्या मधले. अर्थात आजच्या व्यवहारात ते नीट धुऊन, निर्जंतुक करून आलेत की नाही, हे विक्रेत्याला विचारलंच पाहिजे.

चौथा पर्याय कृत्रिम तंतूंचा. नायलॉनचे दात घासायचे ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यानंतरचे दाढीचे नायलॉन ब्रश म्हणजे निव्वळ झाडूच होते. आताचे तंतू वेगळे आहेत, टोकाशी बारीक निमुळते आणि चांगले मऊ. ते पाणी शोषत नाहीत, तासाभरात सुकतात आणि थोड्या साबणात फेस देतात. वडिलांच्या शिसवी मुठीत मी हेच बसवले. काडी लावून बघितली, मणी झाला.

जात ठरली की माप. यात मूठ सांगेल तसं वागावं. खोबणीचा व्यास कॅलिपरने मोजावा. जवळ नसेल तर जालन्यात लेथवाल्याकडे न्यावी, तो क्षणात मोजून देतो. खोबण २२ मिलिमीटर असेल तर झुबक्याचं बूड २१ च्या आसपास हवं. मुठीबाहेर दिसणारी केसांची उंची साधारण व्यासाच्या दुपटीने धरावी, म्हणजे इथे ४२ ते ४५. उंची वाढली की ब्रश लोळतो, कमी झाली की ताठ राहतो. हल्ली २४-२६ मिलिमीटरचे जाडजूड झुबके सहज मिळतात आणि त्यांच्यासाठी जुनी खोबण कोरून मोठी करायचा मोह होतो. करू नका. भिंत पातळ होते आणि गरम पाण्यात मूठ तडकते.

जुना झुबका काढताना केस बुडापाशी कापावेत आणि उरलेली राळ ड्रिलने मधून सावकाश कोरत बाहेर यावं. बॅकेलाइटची धूळ छातीत जाऊ देऊ नये, कारण जुन्या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. सेल्युलॉइडच्या मुठीला आच किंवा वाफ अजिबात दाखवू नये, ते भस्सकन पेटतं. नवा झुबका आधी नुसता कागदाची पट्टी गुंडाळून बसवावा आणि कोरडाच तळहातावर फिरवून बघावा. खोबण खोल असेल तर तळाशी बुचाची चकती टाकावी. मग चिकटवावा. एपॉक्सी पक्कं बसतं, पण पुढच्या पिढीला पुन्हा ड्रिल चालवावं लागेल. मी सिलिकॉन वापरतो. ते पाणी अडवतं आणि वेळ आली की सुटतंही. एक दिवस हात लावू नये.

आमच्या भागात बोअरचं पाणी जड. त्यात साबण फाटतो आणि झुबक्याच्या मुळाशी पांढरा थर बसतो. केस लवकर झडायचं ते एक मोठं कारण. महिन्यातून एकदा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केस दहा मिनिटं बुडवावेत आणि स्वच्छ धुवावेत. मूठ हाडाची असेल तर ती मात्र पाण्याबाहेर धरा, व्हिनेगर हाड खातं.