निद्दा

निद्दा : ऋतुकालातील वैवाहिक विलगतेचे ज्यू धर्मशास्त्रातील नियम, तसेच त्या अवस्थेतील स्त्री, यांना उद्देशून वापरली जाणारी हिब्रू संज्ञा. ‘दूर ठेवलेली’ हा तिचा स्थूल अर्थ. या नियमांचा उगम बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात असून मिश्नातील ‘निद्दा’ व ‘मिक्वाओत’ या प्रकरणांत त्यांचा तपशील येतो.

महाराष्ट्रातील वाचकास येथे विटाळाच्या चालीची आठवण होणे साहजिक आहे. सातारा-सांगलीकडील अनेक घरांत ऋतुमती स्त्री चार दिवस ‘बाजूला’ बसे. स्वयंपाकघर व देवघर तिला वर्ज्य असे आणि पाचव्या दिवशी न्हाऊन ती घरात वावरू लागे. निद्देचे मात्र तसे नाही. जेरूसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये नष्ट झाल्यावर शुद्धाशुद्धतेचे बहुतेक ज्यू नियम व्यवहारातून गेले. निद्देचा नियम टिकला, तो पतिपत्नींच्या संबंधाविषयीचा स्वतंत्र निषेध म्हणून (लेवीय, अध्याय १८). ही स्त्री स्वयंपाक करते, मुलांना जवळ घेते, प्रार्थना म्हणते. तिच्या हातचे अन्न विटाळत नाही. स्पर्श वर्ज्य असतो तो पतीचा. काही समाजांत अशा स्त्रिया प्रार्थनामंदिरात जात नसत. पण तो रूढीचा भाग होय, शास्त्राचा नव्हे.

मूळ ग्रंथात विलगतेचे दिवस सातच आहेत. तालमूदच्या काळात स्त्रियांनी स्वतःच अधिक कडक आचार स्वीकारला आणि रक्तस्राव पूर्ण थांबल्यानंतर सात ‘स्वच्छ’ दिवस मोजण्याची पद्धत रूढ झाली. अश्केनाझी परंपरेत स्रावाचे किमान पाच दिवस धरतात. त्यामुळे एकूण विलगता सुमारे बारा दिवसांची होते. स्राव थांबल्याची तपासणी सूर्यास्तापूर्वी करावी लागते आणि सातव्या दिवसानंतरच्या रात्री विधिस्नान होते. ज्यांचे ऋतुचक्र लहान असते, अशा स्त्रियांच्या बाबतीत बीजमोचन या स्नानापूर्वीच होऊन जाते व गर्भधारणा होत नाही. अशा वेळी रब्बी व वैद्य यांचा सल्ला एकत्रितपणे घेतला जातो. औषधाने चक्र लांबविण्याचा उपायही योजतात.

स्नानाचे पाणी हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग. समुद्र, झरा, झऱ्याची विहीर किंवा साठलेले पावसाचे पाणी चालते. उपसलेले पाणी चालत नाही. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीचे उदाहरण घेतल्यास, पायऱ्यांनी उतरून विहिरीतच बुडी घेतल्यास ती तत्त्वतः ग्राह्य ठरेल. मात्र त्याच विहिरीचे मोटेने उपसून हौदात सोडलेले पाणी ग्राह्य ठरणार नाही. पाणी निदान ४० सेआ असावे लागते. आधुनिक गणनेनुसार हे माप सु. ३३० ते ५७० लिटर भरते. नदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. झऱ्याचे पाणी वाहते असताना शुद्धिकारक असते, तर पावसाचे साठलेले असतानाच. म्हणून पुराच्या दिवसांत पावसाचे पाणी अधिक झाल्यावर नदीत स्नान करावे की नाही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसरी सोय नसल्यास बारमाही नदीस सवलत देतात. माणगंगेसारख्या उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पात्रास ती मिळणे अवघड.

शरीर व पाणी यांत आडकाठी राहू नये, हाही दंडक आहे. त्यामुळे कुंकवाचा थर व डोळ्यांबाहेरील काजळ धुवावे लागते. मेंदीचा नुसता रंग मात्र बाधक नाही, कारण त्याला जाडी नसते. सैल बांगड्यांखाली पाणी शिरते, तरीही त्या उतरविण्याचा प्रघात आहे.

कोकणातून मुंबई-पुण्याकडे पसरलेल्या बेने इझ्राएल समाजात बाळंतिणीची शुद्धी लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे, मुलगा झाल्यास ४० व मुलगी झाल्यास ८० दिवसांनी होत असे. १९६२ मध्ये इझ्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने या समाजातील व्यक्तींच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशचौकशी करण्याचे निर्देश दिले. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांतून समाजाचा नामनिर्देश वगळण्यात आला. त्या वादात घटस्फोटांच्या विधिवतपणाविषयी शंका घेतली गेली. निद्दा हा मुद्दा नव्हता. निद्दाकाळात गर्भ राहिला तरी संतती ‘मामझेर’ (विवाहास अपात्र) ठरत नाही. पहिल्या विवाहातून विधिवत मुक्त न होता स्त्रीने पुनर्विवाह केल्यास त्या विवाहाची संतती मात्र तशी ठरते.