तीन नंबरचा बावटा आणि त्यापलीकडचा समुद्र

मागच्या व्याख्यानात आपण मान्सून जमिनीवर आल्यावर काय करतो ते पाहिलं. आज किनारा सोडून आत जायचं आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. समुद्राचा अंदाज म्हणजे पावसाचा अंदाज नव्हे. भर समुद्रात पाऊस आला तर खलाशी भिजतो, एवढंच. त्याच्या जिवावर बेततं ते वाऱ्याने आणि लाटेने. आणि आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात गंमत अशी, की हे दोन्ही पुष्कळदा आगाऊ वर्दी देत नाहीत.

डिसेंबर २०१७ चा पहिला आठवडा आठवा. सिंधुदुर्गात देवगडच्या बंदरात केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी आसऱ्याला आल्या. त्यांवर नऊशेहून जास्त माणसं होती. ही सगळी ‘ओखी’ चक्रीवादळातून निसटलेली. त्याच वादळात दक्षिणेकडचे शेकडो मच्छिमार परत आलेच नाहीत. आता तुम्ही म्हणाल, उपग्रह आहेत, संगणक आहेत, हवामान खातं १८७५ पासून काम करतंय, मग हे झालं कसं? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

तारखा बघा. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाच्या पट्ट्याचं ‘डिप्रेशन’ झालं. ३० नोव्हेंबरच्या सकाळी, म्हणजे साधारण चोवीस तासांत, कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं होतं. बंगालच्या उपसागरातलं वादळ ओडिशाकडे निघालं, की आपल्याला तीन-चार दिवस मिळतात. इथे वादळ किनाऱ्याच्या उंबऱ्यावरच जन्माला आलं. २९ तारखेला मच्छिमारांसाठी सूचना निघाली होती, पण तोवर कितीतरी बोटी आत गेलेल्या होत्या. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या खोल समुद्रातल्या बोटी तर एकदा गेल्या की कित्येक आठवडे परतत नाहीत. सूचना कधी निघाली आणि कुणाला मिळाली, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच: बोटीवरच्या अनुभवी माणसाला आभाळ बघून हे कळायला नको होतं का?

उत्तर आहे, फारसं नाही. आणि याला कारण आहे.

युरोपातला जुना कप्तान भिंतीवरच्या वायुभारमापकावर विसंबायचा. तिकडे वादळ येताना हवेचा दाब एका दिवसात वीस-तीस मिलिबारने सहज उतरतो. काटा घसरला की शिडं उतरवायची. आपल्याकडे काय होतं? मुंबईत अगदी निवांत दिवशीसुद्धा दाब सकाळी दहाच्या सुमाराला वर असतो, दुपारी चारला खाली येतो, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. हा चढउतार तीन-चार मिलिबारचा असतो. वातावरणालाही अशी रोजची भरती-ओहोटी असते. आता एखादं डिप्रेशन लांबवर तयार होत असेल, तर त्याच्यामुळे तुमच्या बोटीपाशी दाब किती उतरेल? पुष्कळदा या रोजच्या चढउताराहून कमीच. म्हणजे इशारा असतो, पण तो रोजच्या गोंगाटात बुडून जातो.

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. दाबाच्या नकाशावरून वारा काढायचा असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारा वळसा जोरदार हवा. हा वळसा विषुववृत्तावर शून्य असतो आणि ध्रुवाकडे वाढत जातो. लंडनच्या मानाने कन्याकुमारीला तो जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. त्यामुळे तिकडची ‘नकाशावर दाबाच्या रेषा काढा आणि वारा वाचा’ ही पद्धत इथे लंगडी पडते. अगदी विषुववृत्तालगत चक्रीवादळं सहसा होत नाहीत, त्याचंही कारण हेच. ओखी त्या मानाने बरंच दक्षिणेला उभं राहिलं, म्हणून अनेकांना ते अनपेक्षित वाटलं.

मग आपण वारा मोजतो कसा? इथे मला मनापासून आवडणारं एक यंत्र आहे. स्कॅटरोमीटर. आपल्या ओशनसॅट उपग्रहांवर ते असतं. वारा सुटला की पाण्यावर बारीक शहारे उठतात, तळ्यात बघा. उपग्रह वरून रडारची लहर सोडतो आणि या शहाऱ्यांवरून ती किती परत येते ते मोजतो. त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा, दोन्ही काढता येतात. सातशेहून जास्त किलोमीटरवरून पाण्याचा शहारा वाचायचा! पण जोरदार पाऊस असला की हे यंत्र गोंधळतं, आणि नेमका वादळाच्या पोटातच पाऊस असतो. म्हणून समुद्रात नांगरलेले बोये लागतात. या बोयांचीही एक कथा आहे. बोयाखाली मासे जमतात. मासे जमले की बोटी येतात, बोयाला दोर बांधतात, जाळी अडकतात, वरचं यंत्र मोडतं. ज्याच्यासाठी बोया टाकला त्याच्याच हातून तो बंद पडतो. (हशा) हसू येतं, पण अंदाजात पडणारं ते खरोखरचं भोक आहे.

ही सगळी निरीक्षणं संगणकाच्या प्रारूपांत जातात. एकच गणित थोड्याथोड्या फरकाने अनेकदा करतात आणि उत्तरं किती पांगतात ते बघतात. हल्ली चोवीस तास आधी वर्तवलेला वादळाचा मार्ग सरासरी शंभर किलोमीटरच्या आत चुकतो. मार्ग बऱ्यापैकी जमतो. ते किती लवकर उग्र होईल हे सांगणं मात्र अजून अवघड आहे, आणि ओखीत दगा दिला तो तिथेच.

आता लाटेकडे येऊ, कारण अंदाज वाचताना बहुतेकांची चूक इथे होते. हैदराबादला ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे, ती समुद्रस्थितीचा अंदाज देते. त्यात लिहिलेलं असतं ‘लाटांची उंची ३ मीटर’. ऐकणाऱ्याला वाटतं, जास्तीत जास्त तीन मीटर. तसं नाही. सगळ्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, ती ही उंची. म्हणजे तीन-चार तास तुम्ही त्या पाण्यात असलात, तर एखादी लाट जवळपास दुप्पट, साडेपाच-सहा मीटरची भेटणार. तो अपवाद नाही, हिशेबातच धरलेली आहे ती. आणि लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. दोन मीटरची चार मीटर झाली, तर मारा चौपट.

वाऱ्याचंही तसंच. ‘ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटर’ असं बातमीत येतं तेव्हा लहान होडीसाठी कामाचा आकडा शेवटचा. बंदरात ‘तीन नंबरचा बावटा’ लागतो तो याच स्थितीसाठी: इथे, या बंदरावर, सोसाट्याचा वारा येऊ शकतो. एक आणि दोन नंबर म्हणजे धोका दूर समुद्रात. कोकणात पोरासोरांनाही तीन नंबर माहीत असतो. मात्र बावटा दिसतो तो किनाऱ्यावरच्याला. दीडशे मैल आत असलेल्या तांडेलाला तो कसा दिसणार?

त्याआधी एका लाटेबद्दल सांगितलंच पाहिजे, जिला वारा नसतो. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी अचानक घरात. ही लाट जन्मते दक्षिण हिंदी महासागरात, चाळिशी-पन्नाशीच्या अक्षांशांवरच्या वादळांत, सहाएक हजार किलोमीटर दूर. दोन लाटांमधला वेळ, म्हणजे आवर्तकाल, अठरा सेकंदांचा असेल, तर ही ऊर्जा ताशी सुमारे पन्नास किलोमीटरने सरकते. दिवसाला बाराशे. म्हणजे पाच दिवसांनी आपल्या दारात. त्यात पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असेल तर संपलंच. गावातल्या आभाळात याची खूण शोधून सापडणार नाही, पण गणिताने ती चार-पाच दिवस आधी दिसते. ओखीत निसर्गाने वेळ दिला नाही. इथे तो भरपूर देतो.

आता तांडेलाकडे. किनाऱ्यावरून व्हीएचएफ रेडिओ काही थोड्या मैलांपर्यंतच पोचतो, मोबाइल त्याहून कमी. ओखीनंतर ही दरी सगळ्यांच्या डोळ्यांत आली. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचं उपकरण आलं. ते ‘गगन’ उपग्रहावरून संदेश घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. चांगलं आहे, पण संदेश एकाच दिशेने येतो. बोटीला ऐकता येतं, उत्तर देता येत नाही. आणि नुसतं ऐकूनही भागत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं तेव्हा इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. तरी १७ तारखेला मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली.

एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: फोनवरच्या ॲपवर विसंबावं का? बघा, बहुतेक ॲप त्याच दोन-चार प्रारूपांचे आकडे रंगवून दाखवतात. वादळाच्या काळात अधिकृत सूचनाच धरा, कारण तिथे आकड्यांवर माणसाची नजर फिरलेली असते. एरवी ॲप बघा, पण चार गोष्टी बघा: झोताचा वेग, लाटेची उंची, आवर्तकाल आणि लाटेची दिशा. पावसाचं चित्र शेवटी. आवर्तकाल पंधरा सेकंदांच्या वर आणि दिशा दक्षिण-नैर्ऋत्य दिसली, तर वाऱ्याचं पान हलत नसलं तरी होडी वाळूवर नेहमीपेक्षा वर ओढून ठेवा.