खाणीच्या चाळी, शहराचे वॉर्ड

चंद्रपुरात ऑटोवाल्याला ‘महाकाली कॉलरी’ म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो. लालपेठ कॉलरी, रय्यतवारी कॉलरी यांचेही तेच. नावे खाणींची, वस्त्या शहरातल्या. अकोला-अमरावतीकडे आपल्या कितीतरी वस्त्या जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्याभोवती वसल्या, तशा या कोळशाभोवती वसल्या.

या पट्ट्यात आधी गाजली ती वरोऱ्याची सरकारी खाण. तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. १९०६ साली ती बंद पडली आणि काम बल्लारपूर-चांद्याकडे सरकले. (चांद्याचे चंद्रपूर १९६४ साली झाले.) गोंड राजांच्या परकोटाबाहेर खाणी लागल्या, मजुरांच्या चाळी उठल्या. मराठी, तेलगू, छत्तीसगढी अशी सगळी पोटासाठी आलेली माणसे. लालपेठेत आजही तेलगू कानावर पडते.

पूर्वी खाणीत बायाही उतरत. १९३७ साली त्याला बंदी झाली. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली सरकारने ती उठवली. तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. टीका झाली, ती झाकण्याचे कारण नाही. पण खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी मध्यवर्ती असेंब्लीत ठामपणे सांगितले. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडे खाणीत उतरून मजुरांची स्थिती पाहून आले होते. पुढच्याच महिन्यात कोळसा मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने करायचे होते.

याच चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. म्हणून आपल्याला हे गाव नवे नाही.

१९७३ साली खाणी सरकारजमा झाल्या, १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. ठेकेदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कितीतरी घरांत पहिल्यांदा कायम नोकरी आली. चाळीच्या मागे पोरांनी घरे वाढवली, दुकाने निघाली, शहर येऊन भिडले. २०११ साली चंद्रपूरची महानगरपालिका झाली.

पण पायाखाली काय आहे? भूमिगत खाणीत बोगदे खणताना छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवतात. पुढे तेही काढले तर पोकळीत वाळू भरावी लागते. ती नीट भरली नाही किंवा जुने खांब झिजले, तर वरची जमीन बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली.

बंद खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे जमा करावा लागतो. माहितीच्या अधिकारात तो मागता येतो. अशा वस्तीत प्लॉट घेताना आपण सातबारा तेवढा बघतो. हा नकाशाही मागावा, आणि एकट्याने अर्ज करण्यापेक्षा सगळ्या गल्लीने मिळून करावा.