नोंदवहीची उतरंड

माजलगावहून धारूरकडे निघालं की वाटेत तेलगाव लागतं. माजी उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना इथलाच. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला, आणि त्याच बीड जिल्ह्यातून दर हंगामात कोयते घेऊन ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जात राहिल्या. कारखानदारी, उचल, मुकादमी यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या लेखाचा विषय त्यामानाने फारच कोरडा आहे: ऊसनोंद नावाचा कागद, आणि तो संगणकाला कसा वाचायला लावायचा.

कुठल्याही कारखान्याच्या शेतकी विभागात ही नोंद साधारण एकाच घाटाची असते. गट, गटाखाली गावं, गावाखाली सभासद, सभासदाखाली प्लॉट. प्लॉटपाशी क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आणि ऊस लागणीचा की खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. सगळा जीव त्या तारखेत. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो तोडीला यायला १६ ते १८ महिने घेतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा, साधारण वर्षभरात तयार. तोडणीचा क्रम यावरून लागतो, म्हणून तारीख चुकली की गावात भांडण ठरलेलं.

हे सगळं तक्त्यात बसतं, आणि बहुतेक जण तक्त्यातच ठेवतात. तक्ता अडतो तो शेऱ्यांपाशी. ‘पाऊस झाल्यास गाडी आत जाणार नाही.’ ‘दोघा भावांत वाटणी झाली, नोंद एकाच्याच नावे.’ ‘मागच्या साली इथं खोडवा होता.’ असली वाक्यं चौकटीत कोंबली की अर्धी दिसेनाशी होतात. त्यांना हवी असते रूपरेषा: मथळ्याखाली उपमथळा, त्याखाली मोकळा मजकूर, आणि नको तेव्हा मिटवता येणारी फांदी. संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पडद्यावर अशीच फांदी मिटवून-उघडून दाखवली होती. उदाहरण होतं घरच्या वाणसामानाच्या यादीचं.

साध्या मजकुरात हे काम करणाऱ्या साधनांत ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला ऑर्ग-मोड मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी तो २००३ मध्ये सुरू केला. २००७ च्या बाविसाव्या आवृत्तीपासून तो ईमॅक्ससोबतच येतो. नियम इतका साधा की लपवायला काही नाही. ओळीच्या अगदी सुरुवातीला तारे आणि मग एक मोकळी जागा असली की तो मथळा. जितके तारे, तितकी खोली.

* तेलगाव गट
** पहिलं गाव :धरणकाठ:
*** सभासद ११७
**** प्लॉट २

चौथ्या ओळीत गावाचं नाव नाही, सभासदाचं नाही. एकटी वाचली तर ती निरर्थक आहे. ‘प्लॉट २’ कुणाचा हे वरच्या तीन ओळी सांगतात. आणि नेमकं हेच शब्दशोधाला कळत नाही. ‘खोडवा’ शोधून मोजणी केली तर मागच्या सालचा तो शेराही मोजला जातो, आणि आकडा फुगतो. शोधाचा साचा कितीही हुशारीने लिहा, तो अक्षरं बघतो; अक्षरं कुणाखाली आहेत ते बघत नाही.

निकोला गोअझ्यू यांनी लिहिलेला ऑर्ग-एलिमेंट हा पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्राम, ही उतरंड बघतो. २०१३ च्या ऑर्ग ८ मध्ये निर्यातीचं अख्खं यंत्र याच पायावर नव्याने उभं राहिलं. ऑर्ग-एलिमेंट-पार्स-बफर ही आज्ञा दिली की सबंध फाइलचं झाड हाती येतं: मथळे, परिच्छेद, याद्या, तक्ते, तारखा, प्रत्येकाला प्रकार आणि प्रत्येकाला पालक. मग ऑर्ग-एलिमेंट-मॅपला सांगायचं की फक्त मथळे दे, त्यातले चौथ्या पातळीचे निवड, आणि ज्यांच्या गुणधर्मात ऊसप्रकार खोडवा आहे तेवढेच ठेव. शेऱ्यातला ‘खोडवा’ परिच्छेदात पडून राहतो, मोजणीत येत नाही. प्लॉटपासून पालकाकडे, तिथून आजोबाकडे चढत गेलं की सभासद आणि गावही मिळतं.

इथे एक खोड आहे आणि ती नवख्याला हमखास फसवते. गावाला लावलेली ‘धरणकाठ’ ही खूण ऑर्गच्या लेखी खालच्या प्रत्येक प्लॉटला वारशाने लागते. पण झाडातल्या प्लॉटला त्याच्या खुणा विचारल्या तर तो फक्त स्वतःच्या सांगतो. वारसा हवा तर ऑर्ग-गेट-टॅग्जकडे जावं लागतं. गुणधर्मांचं आणखी वेगळं: त्यांचा वारसा मुळातच बंद असतो, मुद्दाम मागावा लागतो. मला हा भेद गैरसोयीचा वाटतो, पण अन्याय्य नाही. गाव धरणकाठचं असेल तर प्लॉटही धरणकाठचाच. गावाचं एकूण क्षेत्र मात्र प्लॉटच्या माथी मारून कसं चालेल?

देवनागरीत लिहिणाऱ्याच्या वाटेला दोन जादा खड्डे येतात. ऑर्ग तारीख ओळखतो ती इंग्रजी आकड्यांत. कोनी कंसात मराठी आकडे घातले तर ती त्याच्या दृष्टीने तारीखच नव्हे, नुसता मजकूर. मुदतीची सगळी गणितं तिथेच थांबतात. दुसरा खड्डा दिसतही नाही. ‘शेतकऱ्याचा’ मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने, दुसरा साध्या ‘र’च्या हलंतापुढे अदृश्य जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. नोंद दोघा कारकुनांनी भरली असेल तर एकच शब्द शोधात निम्माच सापडतो. पार्सर यात काही करू शकत नाही. झाड बरोबर उभं राहतं, पानं जुळत नाहीत. फाइल वाचण्याआधी सगळे ‘ऱ्य’ एकसारखे करून घेणं हाच उपाय.

वाचण्यापेक्षा बदलणं अवघड. झाड म्हणजे त्या क्षणीचं छायाचित्र: प्रत्येक घटक फाइलच्या कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत आहे, हे त्यात नोंदलेलं असतं. पहिल्या प्लॉटखाली ‘तोड झाली’ अशी ओळ घातली की पुढचे सगळे आकडे सरकतात, आणि झाडाला त्याचा पत्ता नसतो. दुसरी ओळ मग भलत्याच सभासदाच्या नावात घुसते. झाडातच फेरफार करून ऑर्ग-एलिमेंट-इंटरप्रेट-डेटाने सगळं पुन्हा मजकुरात उतरवता येतं, पण तेव्हा मोकळ्या जागा आणि मांडणी तो आपल्या शिस्तीने लावतो. कुणी हौसेने जुळवलेले रकाने मोडतात. म्हणून थोडेच बदल असतील तर जाणते लोक जागांची यादी उलटी करतात आणि शेवटच्या प्लॉटपासून वर चढत लिहितात. खाली काहीही घातलं तरी वरच्यांच्या जागा हलत नाहीत.