शेततळ्यासाठी अस्तराची निवड

शेततळ्यात मासे वाढवावयाचे असल्यास पाणी टिकून राहणे अवश्य आहे. चिकण जमिनीत ते पुष्कळ काळ टिकते. तेथे तळ भिजवून चांगला चोपून घेतल्यास प्लास्टिकचा खर्च सहसा वाचतो. मुरमाड जमिनीत मात्र पाणी झिरपून जाते. तेथे अस्तर घालावे.

अस्तर 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे व भारतीय मानक चिन्ह असलेले घ्यावे. अंथरण्यापूर्वी टोकदार खडे व मुळ्या वेचून काढाव्यात. 3 मीटर खोल व दीडास एक उताराच्या तळ्यात प्रत्येक बाजूचा उतार सुमारे 5.4 मीटर भरतो. तळाच्या लांबीत व रुंदीत असे दोन-दोन उतार आणि काठावरील चरात पुरावयाचा भाग मिळवून माप काढावे.

प्लास्टिकवर रोहू, मृगळ यांसारख्या माशांचे नैसर्गिक खाद्य कमी तयार होते. म्हणून तळाशी मातीचा थर द्यावा.

ओले प्लास्टिक अत्यंत निसरडे असते. तळ्यात पडलेल्या माणसास, पोहणाऱ्यासही, वर चढणे कठीण जाते. यास्तव कुंपण व काठाला पक्के बांधलेले गाठींचे दोर यांचा खर्च अस्तराबरोबरच धरावा, आणि ते लावल्यावाचून तळ्यात पाणी सोडू नये.