संगणक हिरवा की नुसता खोकाच?

गैरसमज : खोक्यावर हिरवं पान असलं की माल पर्यावरणपूरक.
पान कुणीही छापतं. स्वीडनचं 'टीसीओ सर्टिफाइड' किंवा 'ईपीट'चा कांस्य, रौप्य, सुवर्ण दर्जा आहे का, ते बघा. दोन्हींच्या याद्या इंटरनेटवर खुल्या आहेत. मॉडेल त्यांत नसेल तर पान शोभेचं. घातक पदार्थ मर्यादेत असल्याच्या 'आरओएचएस' शिक्क्याचंही फार कौतुक नको. शिसं, पारा, कॅडमियम यांच्यावरची मर्यादा भारतात कायद्यानेच घातली आहे.

गैरसमज : गोव्यात पेडण्यातल्या केरीत संगणकाचा कुठला आलाय धूर?
तेरेखोलच्या काठी दिसत नाही, कारण तो छत्तीसगडात निघतो. गोवा बहुतेक वीज बाहेरून घेतो, त्यातली बरीच कोरब्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतली. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. रोज ६ तास, वर्षाचे ३०० दिवस काम धरलं, तर मॉनिटरसकट १०० वॅटचा डेस्कटॉप १८० युनिट खातो आणि ३० वॅटचा लॅपटॉप ५४.

गैरसमज : मग आजच डेस्कटॉप काढून लॅपटॉप आणावा.
थांबा. वरच्या हिशेबात वर्षाला ८८ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. पण लॅपटॉप बनतानाच, कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांनुसार, साधारण दोनशे किलो खर्ची पडलेले असतात. ते फिटायला दोन-अडीच वर्षं जातात. जुना लॅपटॉप टाकून नवा घेतला तर ते बहुधा फिटतच नाहीत. त्यापेक्षा रॅम वाढवा, एसएसडी बसवा. १४ ऑक्टोबर २०२५ला 'विंडोज १०'चा आधार संपला म्हणून यंत्र मेलं नाही. लिनक्स टाकून ते चालतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावरच शिकवतात.

नवा घ्यायचाच असेल तर किनाऱ्यावरच्या माणसाने आधी खाऱ्या हवेचा विचार करावा. पावसाळ्यात पोर्ट गंजतात. मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली तर नाही ना, बॅटरी म्हापशात मिळेल का, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

गैरसमज : स्क्रीनसेव्हरने वीज वाचते.
नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नयेत म्हणून होता. स्क्रीन बंदच करा.

गैरसमज : भंगारवाला नेतो, म्हणजे काम झालं.
तांब्यासाठी तारा जाळल्या की प्लास्टिकचा विषारी धूर गावातच राहतो. विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या गोवा सरकारच्या सायबरएज योजनेच्या काळातले डबा मॉनिटर कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्यांच्या काचेत शिसं आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर परत घेण्याची सोय विचारा. यूपीएसची शिशाची बॅटरी मात्र नवी घेतानाच दुकानात द्या. जुनीचे पैसे बिलातून वजा होतात.